तालमीत मुलं काय शिकतात?

डिसेंबर लागला की शाळांमधून पेटीचे सूर, लेझमीचा खणखणाट आणि ‘चला, पुन्हा पहिल्यापासून!’ अशी बाईंची हाक ऐकू येऊ लागते. स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं असतं. त्याच सुमारास अनेक घरांत एक संवाद हमखास होतो. ‘यंदा दहावी आहे, नाटकबिटक काही नको. बारावी होऊ दे, मग काय हवं ते कर.’ आईबाबांची काळजी खोटी नसते. तालमीत महिना-दीड महिना जातो, अभ्यास मागे पडतो, मूल दमून घरी येतं. त्या बदल्यात हाती काय लागतं? एक प्रमाणपत्र, चार फोटो आणि फार तर उत्तेजनार्थ बक्षीस.

मानसशास्त्राचे आणि शिक्षणशास्त्राचे अभ्यासक गेली काही दशकं नेमका हाच प्रश्न तपासत आहेत. एकत्र येऊन नाटक बसवणं, समूहगान गाणं, वाद्यवृंदात वाजवणं किंवा शाळेची भिंत मिळून रंगवणं, यामुळे मुलांच्या आत्मविश्वासात आणि शिकण्यात खरंच फरक पडतो का? उत्तर ‘हो’ असं आहे, पण ते सरसकट ‘हो’ नाही. कलेच्या नावावर केले जाणारे काही मोठे दावे पुराव्यापुढे टिकलेले नाहीत. ज्या फायद्यांकडे पालकांचं सहसा लक्ष जात नाही, ते मात्र बऱ्यापैकी टिकले आहेत.

बर्लिनमधली अडीचशे मुलं

२००२ मध्ये सर सायमन रॅटल यांनी बर्लिन फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाची सूत्रं हाती घेतली. त्यानंतर लगेचच वाद्यवृंदाने एक धाडसी उपक्रम हाती घेतला. बर्लिनच्या शाळांमधल्या सुमारे २५० मुलामुलींनी स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या रचनेवर नृत्य करायचं आणि संगीताची साथ खुद्द फिलहार्मोनिकने करायची. ही मुलं पंचवीस वेगवेगळ्या देशांची मुळं असलेल्या कुटुंबांमधली होती. त्यातल्या बहुतेकांचा पाश्चात्त्य अभिजात संगीताशी काडीचा संबंध नव्हता. नाचायला शिकलेली तर त्याहून कमी. नृत्य बसवायला आले ब्रिटिश नृत्यदिग्दर्शक रॉयस्टन माल्डूम.

या तालमींवर ‘ऱ्हिदम इज इट!’ नावाचा माहितीपट २००४ मध्ये आला. सुरुवातीचे दिवस कुठल्याही शाळेत दिसतील तसेच आहेत. मुलं खिदळतात, एकमेकांना ढकलतात, लाजून अंग चोरतात. ‘हे आपल्याला जमणार नाही’ हे बोलून दाखवण्याऐवजी चेष्टामस्करी करून वेळ मारून नेतात. माल्डूम मात्र शांतता आणि एकाग्रता यांबाबत तसूभरही सवलत देत नाहीत. मुलांवर फार ताण येतोय, अशी शंका मोठ्यांच्याही मनात येते. मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणं म्हणजे त्यांना कमी लेखणं, असा माल्डूम यांचा एकूण पवित्रा आहे. जानेवारी २००३ मध्ये एका जुन्या बस डेपोच्या प्रचंड सभागृहात प्रयोग झाला, तेव्हा हीच मुलं शेकडो प्रेक्षकांसमोर एका श्वासात थांबत होती आणि एका श्वासात धावत होती.

दृश्य भारावून टाकणारं आहे, पण माहितीपट म्हणजे पुरावा नव्हे. कॅमेरा ज्यांच्यावर रोखलेला असतो, त्यांचीच गोष्ट आपल्याला दिसते. शिवाय, ही मुलं एरवीही त्या काही महिन्यांत थोडी मोठी आणि थोडी समजूतदार झालीच असती. तालमीमुळे नेमकं काय बदललं हे कळायचं, तर आधी आत्मविश्वास येतो कुठून, हे पाहावं लागतं.

शाबासकीने आत्मविश्वास येत नाही

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक सिद्धान्त मांडला. ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो, असं त्यांनी सांगितलं. पहिली आणि सगळ्यांत भक्कम वाट म्हणजे अवघड वाटणारी गोष्ट स्वतः करून पाहणं आणि ती जमणं. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला तरी ती जमताना बघणं. तिसरी, विश्वासातल्या माणसाने ‘तुला जमेल’ म्हणणं. चौथी, आपल्या शरीराकडून येणाऱ्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. छाती धडधडतेय म्हणजे मी घाबरलोय की सज्ज झालोय, हा तो अर्थ.

घरात आपण बहुतेक वेळा तिसऱ्या वाटेवर भर देतो. ‘तू हुशार आहेस, घाबरू नकोस’ असं मुलाला पुन्हा पुन्हा सांगतो. मुलाला ते खोटं वाटतं, कारण त्याच्याजवळ अनुभवाचा आधार नसतो. नाटकाच्या तालमीत मात्र चारही वाटा एकाच खोलीत येऊन मिळतात. सोमवारी न जमलेला प्रवेश गुरुवारी जमतो, ही पहिली वाट. बाकावर शेजारी बसणारी, आपल्याइतकीच लाजाळू मैत्रीण मोठ्याने वाक्य म्हणते, ही दुसरी. दिग्दर्शक ‘आवाज इथपर्यंत पोचला, आता मागच्या रांगेपर्यंत पोचव’ असं नेमकं काहीतरी सांगतो, ही तिसरी. आणि पडद्यामागे उभं असताना सगळ्यांचेच हात गार पडलेत हे कळतं, तेव्हा भीतीचा अर्थ बदलतो, ही चौथी.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बंडुरांच्या मांडणीतला विश्वास हा विशिष्ट कामाबद्दलचा असतो. नाटकात बोलता आलं म्हणून बीजगणिताची भीती आपोआप जात नाही. पण ‘चार वेळा चुकलं तरी पाचव्यांदा जमू शकतं’ हा अनुभव मूल बरोबर घेऊन जातं. वर्गात बहुतेक वेळा चूक म्हणजे लाल शाईची खूण. तालमीत चूक हा कामाचाच भाग असतो, चुकण्यासाठीच तर तालीम असते.

वय असं की मित्रांपुढे सगळं फिकं

किशोरवयात हे सगळं अधिक महत्त्वाचं ठरतं, त्याचं कारण मेंदूच्या वाढीत आहे. या वयात समवयस्कांच्या नजरेला मेंदू विलक्षण संवेदनशील असतो. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी मित्रांच्या देखत. मित्र आसपास असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही.

मित्रांची हीच ओढ दुसऱ्या दिशेनेही वळवता येते. मित्रांपुढे हसं होईल या भीतीने वर्गात हात वर न करणारा मुलगा, मित्रांना आपली गरज आहे हे कळल्यावर पहाटे साडेपाचला तालमीला हजर होतो. धोका इथेही असतो. रंगमंचावर उभं राहणं हा धोकाच आहे. पण तो सुरक्षित धोका असतो आणि तो सगळे मिळून पत्करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगात १० ते १९ या वयोगटातल्या दर सात जणांपैकी एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही तक्रार असते. यात चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण मोठं आहे. एकटेपणा हा या तक्रारींना खतपाणी घालणारा घटक आहे. म्हणूनच मुलांना आठवड्यातून दोनदा का होईना, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांबरोबर, काहीतरी घडवण्यासाठी एकत्र आणणारी जागा ही आरोग्याच्या दृष्टीनेही मोलाची आहे.

एकमेकांवाचून अडणारं काम

‘समूहाने’ या शब्दाला इथे खरं वजन आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात शाळांमध्ये कृष्णवर्णीय, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि वर्गांमध्ये तणाव निर्माण झाला. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने तेव्हा एक साधी युक्ती केली. मुलांचे छोटे गट केले आणि धड्याचा एक-एक भाग प्रत्येकाला वाटून दिला. पूर्ण धडा समजायचा, तर प्रत्येकाचं ऐकणं भाग होतं. ज्या मुलाला सगळे अडखळतो म्हणून चिडवत होते, त्यालाच आता सगळे प्रश्न विचारू लागले, कारण त्याच्याजवळ जो तुकडा होता तो दुसऱ्या कुणाजवळ नव्हता. चित्रांचे तुकडे जुळवण्याच्या खेळावरून या पद्धतीला ‘जिगसॉ’ हे नाव मिळालं.

नाटक हा मुळातच असा खेळ आहे. दिवे सांभाळणारा चुकला तर नायकाचा संवाद अंधारात जातो. ढोलकीवाला वेळेवर आला नाही तर पोवाडा उभाच राहत नाही. चित्रकलेच्या स्पर्धेत किंवा पाठांतरात जो तो एकेकटा असतो आणि शेजारी हा प्रतिस्पर्धी असतो. एकत्र उभारलेल्या कामात शेजारी चांगला झाला तर आपलंच काम उजळतं.

ताल आणि सूर यांची यात आणखी एक मदत होते. जर्मनीत सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या करून एक प्रयोग केला. काही जोड्या गात-वाजवत एक खेळ खेळल्या, काही तोच खेळ गाण्याशिवाय खेळल्या. नंतर एकत्र गायलेली मुलं अडचणीत सापडलेल्या जोडीदाराला जास्त मदत करताना दिसली. हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र यासाठी गाणंच हवं असं नाही. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या वर्गांचा सात महिने अभ्यास झाला. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, तर काही लेखनाचे. गाणाऱ्यांमध्ये जवळीक लवकर निर्माण झाली. पण सात महिन्यांनंतर बाकीचे गटही तितकेच जवळ आलेले होते. म्हणजे सूर न लागणाऱ्या मुलाने निराश होण्याचं कारण नाही. गाण्याने गाठी लवकर बांधल्या जातात, एवढंच. नियमित भेटणं आणि मिळून काम करणं यानेही त्या बांधल्या जातात.

वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत असलेली एक गोष्टही इथे जोडून सांगण्यासारखी आहे. बोलताना अडखळणाऱ्या बहुतेक व्यक्ती इतरांच्या सुरात सूर मिसळून, एकाच वेळी तेच शब्द म्हणताना जवळजवळ अडखळत नाहीत. गातानाही तेच घडतं. हा परिणाम तेवढ्यापुरता असतो आणि तो उपचाराची जागा घेऊ शकत नाही. पण वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलाला समूहगानात किंवा पथनाट्याच्या घोषात स्वतःचा सलग आवाज ऐकू येतो, हा अनुभव त्याच्यासाठी लहान नसतो.

गणिताचे गुण वाढतात का?

आता पालकांच्या मनातल्या मुख्य प्रश्नाकडे. कला शिकल्याने बुद्धी वाढते, गणित सुधारतं, असं जाहिरातींतून सर्रास सांगितलं जातं. याबाबत संशोधन काय सांगतं?

कॅनडात ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं चार गटांत वाटलं. एका गटाला की-बोर्ड, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाटक शिकवलं आणि चौथ्याला वर्षभर काहीच नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडा, म्हणजे जेमतेम तीनेक अंकांनी जास्त वाढला. बातम्या झाल्या त्या याच्याच. दुसरा निष्कर्ष मागे राहिला. नाटक शिकलेल्या मुलांच्या सामाजिक वागणुकीत सुधारणा झाली होती आणि ती बाकीच्या कुठल्याच गटात दिसली नव्हती.

पुढे संगीतामुळे बुद्धी वाढते या दाव्याची अधिक कसून तपासणी झाली. २०२० मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी ५४ अभ्यासांची, जवळपास सात हजार मुलांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. अभ्यास जितका काटेकोर, तितका हा परिणाम शून्याकडे झुकत गेला. त्यामुळे ‘पेटी शिकव, गणित सुधारेल’ असं सांगणाऱ्यांवर विसंबू नये. पेटी शिकावी ती पेटीसाठी.

भाषेच्या बाबतीत मात्र चित्र वेगळं आहे. २००० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या गटाने कलाशिक्षणावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. कलेच्या बहुतेक दाव्यांना त्यांनी भक्कम आधार नसल्याचं स्पष्टपणे सांगितलं. पण वर्गात गोष्ट अभिनयातून सादर केल्याने मुलांची भाषिक समज वाढते, या दाव्याला त्यांना चांगला आधार सापडला. त्या भागात ८० अभ्यासांचा विचार केला होता. विशेष म्हणजे, सादर न केलेला नवा मजकूर समजून घ्यायलाही त्याची मदत होत होती. यात नवल नाही. पात्र असं का बोललं, हे ठरवल्याशिवाय वाक्य नीट म्हणताच येत नाही. वाचनाचं आकलन म्हणजे तरी दुसरं काय असतं?

अलीकडचा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला आहे. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिडा यांनी ४२ शाळांमधल्या दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर तो केला. कोणत्या शाळांना कलाकारांच्या कार्यशाळा, नाटकं आणि कलेच्या सहली मिळणार, हे सोडतीने ठरवलं गेलं. २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. ज्या शाळांना कलेचा लाभ मिळाला तिथे शिस्तभंगाच्या घटना ३.६ टक्के बिंदूंनी कमी झाल्या, लेखनाच्या परीक्षेतले गुण वाढले आणि इतरांबद्दलची कणवही थोडी वाढली. लेखनातली वाढ समजून घ्यायची तर अशी कल्पना करावी: शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर उभं असलेलं मूल साधारण पाच जागा पुढे सरकलं. हा चमत्कार नाही. पण एखाद्या शाळेतल्या सगळ्याच मुलांना पाच जागा पुढे नेणारे उपाय शिक्षणात फार नसतात.

व्हेनेझुएलाने दिलेला धडा

समूहकलेचा जगातला सगळ्यात गाजलेला प्रयोग व्हेनेझुएलातला. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होसे आंतोनिओ आब्रेउ यांनी १९७५ मध्ये काराकास शहरात मूठभर मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला. ‘एल सिस्तेमा’ या नावाने तो देशभर पसरला. गरीब वस्तीतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन दिलं की त्यांचं आयुष्य बदलतं, ही कल्पना जगाने उचलून धरली. आजचे ख्यातनाम वाद्यवृंद संचालक गुस्ताव्हो दुदामेल हे याच उपक्रमातून पुढे आले.

२०१७ मध्ये याही उपक्रमाचं मोजमाप प्रसिद्ध झालं. सहा ते चौदा वयाच्या २,९१४ मुलांपैकी काहींना सोडतीने आधी प्रवेश मिळाला, काहींना वर्षभराने. दोन गटांची तुलना केल्यावर मुलांच्या आत्मसंयमात छोटी सुधारणा आणि वर्तनाच्या समस्यांमध्ये छोटी घट दिसली. बौद्धिक क्षमतांमध्ये एकूण गटात फरक आढळला नाही. ज्यांच्या आईचं शिक्षण कमी होतं, त्यांना आणि हिंसाचाराच्या छायेत वाढणाऱ्या मुलग्यांना फायदा जास्त झाला. पण एक बाब खटकणारी होती. ज्या राज्यांत हा अभ्यास झाला तिथे गरिबीचं प्रमाण ४६.५ टक्के होतं आणि प्रवेश घेणाऱ्या मुलांमध्ये ते केवळ १६.७ टक्के. म्हणजे ज्यांना सर्वाधिक उपयोग होतो, तीच मुलं दारापर्यंत पोचत नव्हती.

ब्रिटिश संगीत अभ्यासक जेफ्री बेकर यांनी २०१४ च्या पुस्तकात याच उपक्रमावर आणखी कठोर टीका केली. अतिकडक शिस्त, वरून येणारे हुकूम आणि मुलांच्या मताला नसलेली जागा याकडे त्यांनी लक्ष वेधलं. शंभर जण एकत्र वाजवतात म्हणजे ते सहकार्य शिकतातच असं नाही. ते निव्वळ आज्ञापालनही असू शकतं.

आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांना हे तंतोतंत लागू पडतं. ठरलेली चार ‘स्मार्ट’ मुलं दरवर्षी पुढे, गोरीगोमटी मुलगी मध्यभागी, बाकीचे मागे झाडं धरून उभे. नृत्य बाहेरून आणलेल्या प्रशिक्षकाने बसवलेलं, गाणं ध्वनिमुद्रित, संवाद बाईंनी लिहिलेले. तालमीत चुकलेल्याला सगळ्यांदेखत बोलणी बसतात. अशा कार्यक्रमातून काही मुलांच्या मनावर कोरलं जातं ते इतकंच, की ‘आपण मागच्या रांगेतले’. आत्मविश्वास वाढवणारा उपक्रम आणि तो खच्ची करणारा उपक्रम, दोन्हींना बाहेरून सारख्याच टाळ्या पडतात.

आपल्या मातीतली उदाहरणं

महाराष्ट्राला हे सगळं परकं नाही. गणेशोत्सवातल्या मेळ्यांपासून गावच्या भजनी मंडळापर्यंत तरुण मुलं समूहाने कला सादर करत आली आहेत. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने महाविद्यालयीन मुलांच्या कितीतरी पिढ्यांना एकांकिका बसवायला लावलं. त्यातले थोडेच पुढे नट किंवा दिग्दर्शक झाले. बाकीचे डॉक्टर, वकील, बँक कर्मचारी, शिक्षक झाले आणि आजही त्या तालमींबद्दल भरभरून बोलतात.

ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी तर आयुष्याच्या दोन्ही टोकांना हे काम केलं. साठच्या दशकात त्यांनी बालनाट्य चळवळ उभी केली. अखेरच्या वर्षांत ठाण्यातल्या लोकवस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम त्यांनी सुरू केला. तिथे मुलांच्या हाती तयार संहिता दिली जात नाही. आपल्या वस्तीतले, घरातले, शाळेतले विषय मुलं स्वतः निवडतात आणि त्यावर नाटिका उभ्या करतात. व्हेनेझुएलाच्या उपक्रमात ज्या दोन उणिवा दिसल्या, नेमक्या त्याच इथे भरून निघतात. उपक्रम सर्वाधिक गरज असलेल्या मुलांच्या दारात जातो आणि काय सांगायचं ते मुलं ठरवतात.

सरकारी धोरणानेही आता या दिशेला मान डोलावली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेच्या आधाराने इतर विषय शिकवण्यावर भर आहे. सीबीएसईने २०२०-२१ पासून पहिली ते दहावीसाठी कला-एकात्मिक प्रकल्प सक्तीचे केले. प्रत्यक्षात अनेक घरांत हा प्रकल्प आई रात्री जागून पूर्ण करते, ही गोष्ट वेगळी. मुलांच्या हाताला रंग लागला नाही तर प्रकल्पाच्या वहीचा उपयोग रद्दीपुरताच.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय पाहावं?

आपल्या मुलाचा उपक्रम कुठल्या प्रकारचा आहे, हे ओळखायला काही साधे प्रश्न पुरतात. प्रत्येक मुलाजवळ असं एखादं काम आहे का, की जे झालं नाही तर प्रयोग अडेल? मुलांनी स्वतः ठरवलेली किमान एक महत्त्वाची गोष्ट त्यात आहे का? चुकलेल्या मुलाला काय सुधारायचं ते सांगितलं जातं, की नुसतं ओरडलं जातं? तालमी काही आठवडे नियमित होतात, की शेवटच्या चार दिवसांत धावपळ होते? प्रयोग झाल्यावर मुलांना एकत्र बसवून ‘काय जमलं, काय नाही’ हे विचारलं जातं का? आणि कोण आलं नाही, का आलं नाही, याची चौकशी कुणी करतं का?

लाजाळू मुलाला एकदम रंगमंचाच्या मध्यभागी ढकलू नये. भीतीवर मात करायची ती पायरीपायरीने. आधी नेपथ्य किंवा संगीताची बाजू, मग समूहात एक ओळ, मग दोघांचा प्रवेश, मग एकट्याचं वाक्य. प्रत्येक पायरीवर थोडी धडधड असावी, पण झोप उडेल इतकी नसावी. तालमीच्या नुसत्या विचाराने मुलाला उलट्या होत असतील, पोट दुखत असेल, ते शाळाच टाळू लागलं असेल तर आग्रह थांबवून शाळेच्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलावं. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी चोवीस तास उपलब्ध आहे.

ढोल-ताशा पथकात जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी कानांचीही काळजी घ्यावी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सहन करता येतो असं धरलं, तर दर तीन डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघ्या १५ मिनिटांवर येते आणि ढोल-ताशांजवळ आवाज त्याहून सहज वर जातो. कानात इअरप्लग घालून सराव करण्यात कमीपणा नाही. सरावानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

दहावीचं काय करायचं?

शेवटी पुन्हा त्या घरातल्या संवादाकडे. दहावीच्या वर्षी दीड महिना रोज चार तास तालीम करणं व्यवहार्य नाही, हे खरंच. पण प्रश्न ‘नाटक की अभ्यास’ असाच टाकायला हवा असं नाही. मुख्य भूमिकेऐवजी छोटी भूमिका घेता येते. प्रकाशयोजना किंवा वेशभूषा सांभाळता येते. आठवड्यातून दोन संध्याकाळ ठरवून देता येतात. शाळेनेही दहावीच्या मुलांच्या तालमी दिवाळीआधी उरकायला हरकत नाही.

हा निर्णय घेताना पालकांनी एक गोष्ट तराजूत जरूर टाकावी. दहावीचं वर्ष हे पंधरा-सोळाव्या वर्षीच येतं. समवयस्कांची साथ सर्वांत जास्त हवी असते, अपयशाची भीती सर्वांत जास्त वाटते आणि मनाच्या तक्रारी डोकं वर काढू लागतात, तेही याच वयात. नेमक्या त्याच वर्षी मुलाचे सगळे समूह तोडून त्याला एका खोलीत पुस्तकांसोबत बसवलं, तर वाचलेल्या वेळाची किंमत दुसरीकडे मोजावी लागू शकते.

तालमीतून गणिताचे गुण मिळतील असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नये. तिथे मूल चुकायला, थांबायला, दुसऱ्याचं ऐकायला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला शिकतं. मार्चमधल्या परीक्षेत अवघड प्रश्न समोर आला की नेमकं हेच लागतं.